डाव्या पायाची आखूड उडी

पहाटे पावणेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर चारचा असायचा, पण तो वाजायच्या आत उठून त्याचं तोंड बंद करायचं, एवढी एकच चैन त्याने आयुष्यभर केली. पलंगाच्या कडेला बसून आधी दुखरा गुडघा दोन्ही हातांनी चोळायचा. मग वीस वेळा सरळ करायचा, वीस वेळा वाकवायचा. वाकवायचा म्हणजे जेवढा वाकेल तेवढा. काटकोनापाशी आला की तो गंजलेल्या बिजागरीसारखा अडायचा. एकोणीस वर्षं तिथेच अडत होता. मग चहा, आणि पंचवीस मिनिटं पायी चालून क्रीडागृह.

क्रीडागृहात त्याला सगळे फळीमामा म्हणत. ते सभागृह आठवड्यात चार तोंडं दाखवायचं. सोमवारी फर्निचरचं प्रदर्शन, बुधवारी गाण्याचा कार्यक्रम, शुक्रवारी कुठल्यातरी कंपनीची सभा, आणि शनिवारी बास्केटबॉलचा सामना. खालची जमीन सिमेंटची. सामना असला की तिच्यावर लाकडी पाट अंथरायचे. सव्वादोनशे पाट, प्रत्येकाच्या पोटाला त्याचा नंबर, आणि एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. सहा माणसांचं चार तासांचं काम. ते झालं की पाच जण चहाला जायचे आणि मामा बूट काढायचा. नुसत्या मोज्यांवर सगळं कोर्ट चालून काढायचा, आणि दर सांध्यावर टाच आपटायचा. पाट खाली नीट टेकला असेल तर आवाज भरीव येतो. पोकळ आला की पाट उचलायचा, खालचं रबर बघायचं, पुन्हा बसवायचा.

"मामा, हल्ली हे मशीनने तपासतात," क्रीडागृहाचा मॅनेजर एकदा म्हणाला.

"मशीनला टाच असते का?" मामा म्हणाला, आणि पुढच्या सांध्यावर गेला.

त्याची मुलगी याच कोर्टाच्या कडेला मोठी झाली. पाय असे लांब आणि काटकुळे की चौथीत असतानाच लोकांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. चौदाव्या वर्षी ती बापाच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागली. एकविसाव्या वर्षी शहराच्या व्यावसायिक संघाने तिला पगारावर घेतलं. करार एकेका मोसमाचा. बापलेक एकाच छताखाली नोकरीला लागले. तो फळ्या अंथरायचा आणि ती त्यांच्यावर उड्या मारायची.

तिची एक सवय होती. सामन्याआधी शेवटच्या रेषेवर उभी राहायची, डाव्या पायावरून एक लांब उडी घ्यायची आणि त्याच पायावर उतरून क्षणभर थांबायची. मग तसंच उजव्यावर. सामना सुरू व्हायच्या आत मामा पुसायला आला की बुटांचे ते दोन ठसे त्याला दिसायचे. रेषेपासून एक पाट ओलांडून दुसऱ्या पाटाच्या मध्यावर, फार तर जरासे पुढे. दोन्ही शेजारी शेजारी, मध्ये चार बोटांचं अंतर. पाच मोसम ते ठसे तिथेच पडत आले. बाकीचं कोर्ट तो झरझर पुसायचा. ते दोन ठसे मात्र शेवटी पुसायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

सहाव्या मोसमाच्या सुरुवातीलाच, एका सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत, रिंगवर आपटून परत आलेला चेंडू घ्यायला ती उडाली आणि उतरताना सगळा भार एकट्या उजव्या पायावर आला. गुडघा आत वळला. मामा कोर्टाच्या कडेला मॉप धरून उभा होता. त्याला आवाज ऐकू आला. ओल्या दोरीला कुणीतरी जोराचा हिसका द्यावा तसा.

तिला स्ट्रेचरवर नेलं. तिची आई मागोमाग गाडीत बसली. मामा गेला नाही. म्हणजे नंतर गेला. आधी तो कोर्टाच्या त्या जागेवर गेला, दुखरा गुडघा बाजूला सरळ पसरून खाली बसला, आणि तळहाताने पाट चाचपू लागला. सांधा सपाट होता. ओल नव्हती. टाच मारली, आवाज भरीव आला. फळीची चूक नव्हती. त्याला हायसं वाटलं. आणि पोरगी दवाखान्यात असताना आपल्याला हायसं वाटलं, याची लाज त्याला पुढे कित्येक दिवस वाटत राहिली.

गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. मांडीच्या मागचा एक दोरा काढून डॉक्टरांनी त्याच्या जागी नवा बसवला. टाके काढताना हाडांचे डॉक्टर तिला म्हणाले, "नऊ महिन्यांच्या आत मैदानाचं नाव काढू नकोस. आणि नऊ झाले म्हणजे झालं, असंही नाही. कॅलेंडरकडे बघू नकोस, पायाकडे बघ."

पण संघ कॅलेंडरकडेच बघत होता. अंतिम सामने साडेआठ महिन्यांवर येत होते. कोच म्हणाला, "पंधरा दिवसांनी असं काय आभाळ कोसळतंय?" संघाचा मॅनेजर कोचपेक्षा सभ्य. तो एवढंच म्हणाला, की मोसम संपला की करार संपतो, आणि नवा करार करताना मालक मंडळी कोण खेळतंय ते बघतात. म्हणजे जे सांगायचं ते सांगून झालं.

टिटवीने मेहनतीत कसूर केली नाही. हे लिहिलंच पाहिजे. पहिले सहा आठवडे नुसता पाय उचलायचा, तर तिने तो दिवसातून तीनशे वेळा उचलला. मग सायकल, मग पायऱ्या, मग वजनं. वजन वाढवलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि ती ते बाहीला पुसून पुढचा आकडा मोजायची. मामाने चाळीस वर्षांत खूप कामकरी पाहिले होते. इतकं सरळ काम करणारं माणूस त्याने क्वचित पाहिलं होतं.

सातव्या महिन्यापासून, पाट अंथरलेले असले की, ती पहाटे साडेपाचला क्रीडागृहात येऊ लागली. त्या वेळी तिथे मामाशिवाय कुणी नसायचं. तो कोर्टावर ओला मॉप मारून वरच्या खुर्च्या झाडायला जायचा, ती खाली आपले व्यायाम करायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत. काम चालू असताना बोलायची घरात कुणाला सवयच नव्हती.

संघात परतण्याआधी एक परीक्षा असते. एका पायावर लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि न डगमगता उभं राहायचं. दोन्ही पायांचं अंतर टेपने मोजायचं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या दहात निदान नऊ भाग भरली, तर पाय तयार. परीक्षा घेणार फिजिओबाई. या बाई नव्या होत्या, टिटवी पडल्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या. आधीचा फिजिओ नोकरी सोडून गेला होता, आणि त्याने कागद नेले की मॅनेजरच्या कपाटात हरवले, कुणास ठाऊक. जुने आकडे कुणाकडेच नव्हते.

परीक्षेला तीन दिवस उरले होते. त्या पहाटे मामा वरून सुका मॉप घेऊन खाली आला, तेव्हा टिटवी अंघोळीला गेली होती. कोर्ट नुकतंच वाळत होतं आणि शेवटच्या रेषेपुढे तिच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. मामा थांबला.

उजव्या पायाचे ठसे पहिला सांधा ओलांडून जेमतेम वीतभर पुढे. कुठे दोन बोटं मागे, कुठे डावीकडे, कुठे घसरल्यासारखे. दुखरा पाय असाच उतरणार. त्यात नवल नव्हतं. नवल डाव्याचं होतं. डाव्याचे आठ ठसे होते, आणि ते पाच मोसमांच्या त्या जागेच्या चांगले दीड वीत अलीकडे पडले होते. आठच्या आठ, एकावर एक.

एक उडी आखूड पडते. दोन पडतात. आठच्या आठ एकाच जागी आखूड पडत नाहीत. तशा पाडाव्या लागतात. पोरगी पहाटे उठून चांगल्या पायाने कमी उडी मारायचा सराव करत होती. चांगला पाय खाली आणला की दुखरा आपोआप वर जातो. दहात नऊ भाग सहज भरतात.

मामा मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. ही युक्ती तिला कुणी शिकवली, हे त्याला कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी पाटांची गाडी कलंडून त्याच्या गुडघ्यावर आली होती. आतली गादी फाटली. ऑपरेशन झालं आणि अर्ध्या पगारावर घरी बसवलं. टिटवी तेव्हा सात वर्षांची. सातव्या आठवड्यात तो कंपनीच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने खुर्चीत बसवलं, तळहात पुढे धरला आणि म्हणाला, पायाने ढकला. आधी हा, मग तो. दोन्ही पायांचा जोर सारखा असला तर कामावर जा. मामाने दुखऱ्या पायाने जीव खाऊन ढकललं आणि चांगल्या पायाने हळूच. डॉक्टर म्हणाला, वा, दोन्ही अगदी सारखे. सही झाली. दुसऱ्या दिवशी मामा पाट उचलत होता, आणि तीन महिन्यांनी गुडघा काटकोनात अडला तो अडलाच.

ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जायची. लग्नात, बारशाला, कुणी पाहुणा आला की. मेहुणा म्हणायचा, "दाजी, ते डॉक्टरचं सांगा ना!" आणि मामा खुर्चीवर बसून, चेहरा वाकडातिकडा करून, दोन्ही पायांची नक्कल करून दाखवायचा. लोक पोट धरून हसायचे. आजवर या गोष्टीत हसण्याखेरीज काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला. टिटवीची आई खिडकीशी शिवणयंत्रावर शर्टांच्या कॉलरी जोडत होती. ती एका कारखान्याचं काम घरी आणून करायची.

"डावी उडी कितीची मारतेस?" त्याने विचारलं.

टिटवीने ताट उचललं होतं, ते खाली ठेवलं. "ठसे बघितलेत वाटतं."

"पुसायला गेलो होतो."

"दीडशे सेंटिमीटर. परीक्षेतही दीडशेच मारणार. उजवी एकशेचाळीस जाते. हिशोब बसतो."

"आणि खरी डावी किती जाते?"

"खरी डावी आता कुणाला माहीत आहे, बाबा?"

"मला आहे."

"तुम्ही फळ्या पुसता," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने ओठ दाताखाली धरला, पण शब्द सुटला होता.

"पुसतो म्हणूनच माहीत आहे," मामा म्हणाला. "उजवा पाय अजून तयार नाही."

"मलाही कळतं ते. पण चार सामने आहेत. चार! पट्टी बांधून काढीन. कराराचा कागद हातात आला की उन्हाळाभर बसून पाय बरा करीन."

"आणि मध्येच तुटला तर?"

"आणि नाही तुटला तर?" ती म्हणाली. "लंबू सातव्या महिन्यात आली होती. त्यानंतर आठ वर्षं खेळली. आठवतंय ना?"

मामाला आठवत होतं. लंबू संघाची जुनी खेळाडू, तिचाही गुडघा असाच गेला होता. तिच्याच वेळची दुसरी एक पोरगी पुरे अकरा महिने थांबली, सगळं शिस्तीत केलं, आणि पहिल्याच आठवड्यात तोच गुडघा पुन्हा फाडून घेतला. दोन्ही गोष्टी त्याने कोर्टाच्या कडेला उभं राहून पाहिल्या होत्या. टिटवी वाचलीही असती. हे त्याला माहीत होतं, आणि तेच त्याला आतून खात होतं.

"चांगल्या पायाने कमी जोर लावायचा, याला काम म्हणत नाहीत," तो शेवटी म्हणाला.

टिटवी हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "मावशीच्या लग्नात खुर्चीवर बसून करून दाखवलं होतंत. मी टेबलाखाली बसून बघत होते. हसून हसून माझं पोट दुखलं होतं."

"मी तेव्हा मूर्ख होतो."

"त्याच मूर्खपणावर आम्ही जेवलो."

शिवणयंत्र थांबलं. टिटवीच्या आईने चष्मा डोक्यावर सरकवला. "अहो, मी एक विचारू? तुम्ही तुमचा गुडघा तेव्हा विकलात, तो मला विचारून विकलात का? मी म्हणत होते, दोन महिने कसेही काढू. भावाकडून धान्य आणू. ऐकलंत?"

"नाही ऐकलं."

"मग आता तिचा तिला विकू द्या. मोठी आहे ती. मला हे आवडतंय असं समजू नका. पण चार लोकांत तिला तोंडघशी पाडलंत, तर ती आयुष्यभर विसरायची नाही. मी ओळखते तिला. तुमच्यावरच गेली आहे."

 मामा एवढंच म्हणाला, "गप्प बसेन असं मी कबूल करत नाही."

"बोललात तर मला मुलगी म्हणू नका," टिटवी म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. मामाने ठरवलं, बोलायचं नाही. मग ठरवलं, बोलायचं. फिजिओबाईंच्या दारापर्यंत जाऊन तो परत आला. कामात त्याच्या हातून कधी चूक होत नसे, पण त्या दोन दिवसांत त्याने एकशे सोळा नंबरचा पाट एकशे एकसष्टच्या जागी बसवला, आणि त्याच्या पाच साथीदारांनी एकमेकांकडे बघितलं.

परीक्षा सकाळी दहाला होती. रेषेपासून टेप लावून दोन्ही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवायचं काम मामाचं. त्याने ते केलं, आणि उठून मागे भिंतीशी उभा राहिला. समोर कोच, मॅनेजर, हातात लिहायचा पुठ्ठा आणि कागद घेतलेल्या फिजिओबाई, आणि मोजे ओढत बसलेली टिटवी. तिने बापाकडे बघितलं नाही.

प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यांतली सर्वांत लांब धरायची. डावा आधी. पहिली एकशे एकोणपन्नास. दुसरी दीडशे. तिसरी दीडशे. मामाला नको असूनही कौतुक वाटलं. चेहऱ्यावर तीच धाप, उतरताना तीच जेमतेम तोल सावरल्याची हालचाल. त्याची नक्कल तिच्यापुढे काहीच नव्हती. मग उजवा. एकशे छत्तीस, एकशे अडतीस, एकशे चाळीस. शेवटच्या उडीला गुडघा किंचित आत झुकला, जसा त्या दिवशी झुकला होता, फक्त कमी. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही. मामाच्या आलं.

फिजिओबाईंनी कागदावर भागाकार केला. "त्र्याण्णव टक्के," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर एक आठी होती, पण आठीला पुरावा नव्हता.

कोचने टाळी वाजवली. "झालं तर! आज संध्याकाळपासून संघाबरोबर सराव."

"ही तिची डावी उडी नव्हे," मामा म्हणाला.

सगळे वळले. इतक्या वर्षांत फळीमामा कोर्टावर मध्येच बोलला असं कधी झालं नव्हतं.

"मामा, तुम्ही फळीकडे बघा," कोच म्हणाला.

"फळीकडे बघूनच सांगतोय." तो पुढे आला, दुसऱ्या पाटाच्या मध्यावर गेला आणि टाच टेकवून दाखवली. "पाच मोसम ती इथे उतरते. दोन्ही पायांनी. डाव्या पायाला काही झालेलं नाही. मग तो दीड वीत मागे का?"

मॅनेजर म्हणाला, "अहो, मुलगी आहे तुमची! तिचं भलं होतंय ते बघवत नाही का?"

 मामा टिटवीकडे बघत होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. फिजिओबाई तिच्याजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे खरं आहे का? मी पुन्हा मारायला सांगणार नाही. तू सांगशील तेच लिहीन."

हे त्या बाईंचं मोठेपण म्हणायचं की चूक, ते ज्याचं त्याने ठरवावं. टिटवी हो म्हणू शकली असती, नाही म्हणू शकली असती. ती उठली, रेषेवर गेली, आणि डाव्या पायाने अशी उडी मारली की कोच एक पाऊल मागे सरकला. ती रागाची उडी होती. त्या जागेच्याही पुढे पडली. एकशे शहाऐंशी. लगेच वळून रेषेवर परत आली आणि उजव्या पायाने मारली, तीही सगळा जीव एकवटून. एकशे त्रेचाळीस. आणि उतरल्यावर उभं राहता आलं नाही, हात टेकावा लागला.

बाईंना भागाकार करावा लागला नाही. कोच चेंडूला लाथ मारून निघून गेला. टिटवी हात टेकलेल्या जागीच बसून होती. मामा हात द्यायला वाकला, तर ती म्हणाली, "नको," आणि दुसऱ्या बाजूने वळून उठली.

अंतिम सामने झाले. तिच्या जागी एक वीस वर्षांची नवी पोरगी खेळली आणि बरी खेळली. संघ हरला असता, तर कुणी म्हटलं असतं की टिटवी हवी होती. संघ जिंकला. वरून रंगीत कागदांचे तुकडे पडले, भाषणं झाली, त्यांत टिटवीचं नाव कुणी घेतलं नाही. ती घरी दार लावून बसली होती. मामा पहाटेपर्यंत कागदाचे तुकडे झाडत होता. ते पाटांच्या सांध्यांत जातात आणि एकेक नखाने काढावे लागतात. त्याने एकेक काढला.

करार झाला नाही. चार ओळींचं पत्र आलं. करार संपला तसा संघाचा फिजिओ, व्यायामशाळा, सगळं बंद झालं. टिटवीने पत्र वाचून मेजावर ठेवलं आणि पहिल्यांदा बापाशी बोलली. "घ्या. फ्रेम करून लावा."

"लावू नका हो खरंच," तिची आई म्हणाली. "यांचं काय, कशालाही ऊठसूट हो म्हणतील." पण हसलं कुणीच नाही.

मामाने पत्र खिशात घातलं आणि फिजिओबाईंकडे गेला. बाई संध्याकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत खाजगी रुग्ण बघायच्या. त्याने विचारलं, हा पाय खरोखर तयार व्हायला किती दिवस लागतील आणि काय पडेल. बाईंनी सांगितलं. निदान पाच महिने, आठवड्यातून तीनदा. पैसे कमी करू का, असंही विचारलं. मामा म्हणाला, "कमी केलेत तर काम कमी कराल. पूर्ण घ्या."

टिटवी पहिले दहा दिवस गेली नाही. अकराव्या दिवशी गेली. का गेली, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. मामाने प्रदर्शनांची आणि सभांची जादा कामं घेतली. त्याची निवृत्ती वर्षावर आली होती. त्या काही महिन्यांत त्याने जेवढे पाट उचलले, तेवढे तरुणपणी वर्षभरातही उचलले नसतील. जिना उतरताना तो आता कठड्याला धरून आडवा उतरायचा, एकेक पायरी. बायको म्हणायची, "खेकडा झालात अगदी." तो म्हणायचा, "खेकडे पडत नाहीत."

घरात बाप आणि लेक मिठाची बरणी सरकवण्यापुरतं बोलायचे. एकदा तिने विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" "बोलल्याचा होत नाही," तो म्हणाला. "एवढ्या उशिरा, चार माणसांत बोललो, त्याचा होतो. आणि ती गोष्ट हसत हसत सांगत आलो, त्याचाही." त्यानंतर मेहुण्याने एकदा "दाजी, ते डॉक्टरचं" असं सुरू केलं, तेव्हा टिटवीच त्याला म्हणाली, "पुरे. त्यात हसण्यासारखं काही नाही."

ऑपरेशननंतर चौदाव्या महिन्यात दुसऱ्या गावच्या एका लहान संघाने तिला बोलावलं. पगार मामाच्या पगाराहून कमी. खेळायचं ते एका शाळेच्या जिमखान्यात. परीक्षा बाईंनी त्याच खोलीत घेतली. मामाला टिटवीने बोलावलं नव्हतं, त्यामुळे तो गेला नाही. आकडे त्याला बाईंकडून कळले, शेवटचे पैसे द्यायला गेला तेव्हा. डावी एकशे चौऱ्याऐंशी. उजवी एकशे शहात्तर. तिन्ही उड्यांना स्थिर उतरली.

"आता तुटणार नाही ना?" त्याने विचारलं.

"असं मी लिहून देऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "कुणीच देऊ शकत नाही. शक्यता कमी झाली, एवढंच."

त्याने पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. फळ्या अंथरून मिळवलेल्या त्या शेवटच्या वर्षाच्या मजुरीतून घरात भांडं आलं नाही, कपडा आला नाही, त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं नाही. तिच्यातून उजव्या पायाच्या उडीची तेहेतीस सेंटिमीटर आली. तीही बऱ्याच महिन्यांत, वाटेत पोरीची माया खर्चून.